साक्ष दिली, बॅच मेली. आता मंडळीत कोणत्या तोंडानं जाऊ?

जालन्याचा_योना

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. मी पाच वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, पुढं नाही. परत आलो आणि गावाकडच्या शेताच्या कडेला ब्रॉयलरचं शेड टाकलं. शंभर बाय तीस, तीन हजार पक्षी. कंपनीशी करार: पिल्लं, खाद्य, औषध त्यांचं, शेड, वीज, राबणं आपलं, भरलेल्या वजनावर किलोमागं पैसे. वडिलांचा फंड गेला, बँकेचं कर्ज झालं, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकांनी दीड लाख हातउसने दिले. कागद नाही, काही नाही. "तुझ्या बापाला ओळखतो," एवढंच.

शेडचं उद्घाटन पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं झालं. पहिल्या बॅचचे पैसे आले त्या रविवारी मी भक्तीत उभं राहून साक्ष दिली. प्रभूनं कसं एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलं, वगैरे. महिला मंडळातल्या दोघीतिघींनी डोळे पुसले.

या मे महिन्यात दोन दुपारींत खेळ संपला. वीज गेली, पंखे थांबले. पक्षी चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकायला लागले. हजारो चोची एकदम उघड्या असल्या की एक आवाज येतो, तो मला सांगता येणार नाही. आई गोणपाटं भिजवून टांगत होती, ती दहा मिनिटांत वाळत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेसीबीनं खड्डा केला. वडील टोपल्यात भरताना मोजत होते. मोजायची गरज नव्हती, कंपनीचा सुपरवायझर मोजणारच होता. पण ते मोजत होते म्हणून मीही मोजले. सतराशे चाळीस.

तेव्हापासून चार महिने मी मंडळीत गेलेलो नाही. घरी येऊन लोक तीन प्रकारचं बोलून गेले. एक, प्रभूची योजना असेल. दोन, सगळं मिळून कल्याणच होतं असं शास्त्रात आहे. तीन (हे आडून), जीवनात काही लपलेलं असेल तर तपासून बघ.

माझा प्रश्न देवानं असं का केलं हा नाही. तो प्रश्न मी मेमध्येच विचारून दमलो. मला विचारायचंय की साक्षीच्या वेळेत बुडाल्याची साक्ष असते का? का ती वेळ फक्त पास झालेल्यांची? आणि ख्रिस्ती माणसानं अपयशाचं नेमकं करायचं काय, रविवारी नाही, सोमवारी? काकांच्या दारावरून जाताना मी गाडीचा वेग वाढवतो. हे चार महिने चाललंय.

इतर धर्मांच्या सभासदांनीही लिहा.

बोंडअळी

विमा होता का?

जालन्याचा_योना

नव्हता.

बोंडअळी

मग सोमवारी करायचं पहिलं काम सापडलं. माजलगावकडं या, आम्ही बुडण्यात पीएचडी आहोत. मागच्या पाच हंगामांपैकी तीन गेले. एकदा अळीनं, एकदा पाण्यानं, एकदा पाणी नसल्यानं. साक्षीला उभं राहायचं म्हणलं तर आमची रांग बसस्टँडपर्यंत लागंल.

पशुवैद्य_लातूर

धर्मावर बोलायचा मला अधिकार नाही. एक विचारतो. शेडची लांबी कुठल्या दिशेला आहे?

जालन्याचा_योना

दक्षिणोत्तर. पट्टीच तशी होती.

पशुवैद्य_लातूर

हं. वाटलंच.

ब्रॉयलरचं शेड आपल्याकडं लांबीनं पूर्व-पश्चिम असतं. तुमच्या शेडला सकाळचं ऊन एका अख्ख्या लांब भिंतीवर आणि दुपारनंतरचं दुसऱ्या भिंतीवर, थेट आत. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर सोडते. दोन किलोला आलेला पक्षी असला, तापमान चाळिशीच्या पुढं आणि हवा थांबलेली, की तासाभरात माना टाकायला लागतात. मोठे आधी जातात. म्हणजे जेवढं तुम्ही चांगलं वाढवलं तेवढं आधी गेलं, हे वाईट वाटतं पण तसंच आहे.

पत्र्यावर चुना, वरून तुराट्या नाहीतर पाचट, त्यावर पाणी. सकाळी दहाच्या आत खाद्य उचलायचं, कारण पचवताना अंगात आणखी उष्णता तयार होते. मग द्यायचं ते ऊन उतरल्यावर आणि पहाटे. आत फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक फवारे. उन्हाळ्यात पक्षी कमी टाकायचे, चौरस फुटाला एक ही दाटी मे महिन्यात जास्त होते. यातलं काय काय केलं होतं?

तिमथी_विश्वासू

योना भाऊ, प्रेज द लॉर्ड. जगाचं ज्ञान ऐकू नका. विश्वासानं मागितलं तर डोंगर हलतात असं वचन आहे. कुठंतरी विश्वास डळमळला असणार. एकवीस दिवस उपवास-प्रार्थना करा, नवीन बॅच दुप्पट येईल, मी दावा करतो.

बोंडअळी

डोंगर हलत असंल तर आधी शेड पूर्व-पश्चिम फिरवून मागा. सोपं पडंल.

औसा_रोड

तिमथी, एक सांगतो, राग मानू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. चारच्या आत सगळं झालं. मी नऊ वर्षांचा होतो. किल्लारीकडच्या आमच्या मामाच्या घरातली माती-दगडाची भिंत होती, ती आत पडली. बाजूच्या टिनाच्या खोलीतले वाचले. दुसऱ्या आठवड्यात धान्य वाटायला आलेला एक माणूस (धर्म सांगत नाही, सगळ्यांत असतात) आजीला म्हणाला, या भागात पाप लई झालं होतं. आजीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं, धान्य न घेता आत निघून गेली. तीन दिवसांची उपाशी होती.

भिंत मातीची होती म्हणून पडली. पाप टिनाच्या खोलीतल्यांनीही केलंच असंल की.

भाकर_आणि_मासे

मी परभणी भागात पाळक आहे. औसा_रोड, तुमच्या आजीनं केलं ते येशूच्या शिकवणीला धरूनच केलं. लूकच्या तेराव्या अध्यायात हाच प्रसंग आहे. यरुशलेमात एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ते अठरा बाकीच्या शहरापेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही.

तिमथी_विश्वासू

पाळकसाहेब, अर्धंच वचन सांगितलंत. पुढं तो म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल.

भाकर_आणि_मासे

बरोबर, खाल्लं मी ते. पण तो हे कोणाला म्हणतो बघा. मेलेल्यांना नाही, भोवती उभं राहून चौकशी करणाऱ्यांना. योनाच्या घरी जाऊन 'तपासून बघ' सांगणारे त्या रांगेत बसतात, आणि मीही बसतो. गेल्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एकाचं दुकान गेलं तेव्हा मीही 'योजना असेल' म्हणून चहा पिऊन आलो होतो. मला दुसरं काही सुचलं नव्हतं, खरं कारण एवढंच. बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प जमिनीवर बसले तोवर उत्तम होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

गंगाखेडकर_माळकरी

मी माळकरी, जनाबाईच्या गावचा. धागा वाचून तुकोबा आठवले. दुष्काळात दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली, आणि हा माणूस म्हणतो बरं झालं देवा दिवाळं निघालं. योनादादा, आमच्याकडं तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. गेलं ते गेलं, त्यानं मोकळं केलं.

जालन्याचा_योना

माळकरी दादा, तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत टाकली असं ऐकलंय. पण ती लोकांनी त्यांना देणं असलेली. माझी कर्जं उलट्या दिशेची आहेत. काकांनी टाकली तर गोष्ट वेगळी :)

बोंडअळी

हाण्ण.

खिळे_आणि_शाई

अवांतर होईल, पण माळकरींनी तुकोबा काढले म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तेव्हा तुम्ही परक्या वाड्यात आला नाहीत, बसा.

दुसरं, योना जालन्याचे आहेत म्हणून. जालन्याजवळ बेथेल आहे, ते नारायण शेषाद्रींनी वसवलं. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागं मिशनऱ्यांकडं गेला, प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिलं. मुंबई ढवळून निघाली, बाळशास्त्री जांभेकर त्याला जातीत परत घ्यावं म्हणून झगडले आणि सनातन्यांचे बोल खाल्ले. म्हणजे एका घराची दोन्हीकडून शकलं. तो माणूस पुढं जालन्याच्या माळावर येऊन वस्ती उभारतो आणि तिला नाव देतो बेथेल. आता हे नाव बायबलात कुठलं? भावाला फसवून पळालेला याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपला त्या जागेचं. शेषाद्रींच्या मनात भाऊ होता का, ते मी म्हणणार नाही. पण घर तुटलेल्या माणसानं निवडलेलं नाव आहे.

व्यवस्थापक

इतिहास छान आहे, पण धागाकर्त्याच्या प्रश्नाला धरून राहावे ही विनंती.

सिस्टर_निवृत्त

योना लेकरा, मी मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, चौतीस वर्षं नर्स. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तुझ्या 'सोमवारी काय' ला मला उत्तर देता येईल असं वाटतं.

नोकरीचं दुसरं वर्ष. रात्रपाळी. एका वॉर्डात दोन कमलबाई, खाट सात आणि खाट अकरा. पावणेतीनला मी सातचं इंजेक्शन अकराला दिलं. सुई काढली आणि कळलं. बाईला दरदरून घाम, नाडी लागेना. धावाधाव, डॉक्टर, सलाईन. उजाडेपर्यंत सावरली. मी ड्युटीरूममध्ये गुडघ्यावर बसून रडत प्रभूची क्षमा मागत होते. मेट्रन आल्या, दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "त्याची मागून झाली असेल तर उठ आणि रिपोर्ट लिही."

मी लिहिलं: 'चुकून इंजेक्शन दिले गेले.' त्यांनी लाल पेननं 'दिले गेले' वर काट मारली. "कोणी?" मी लिहिलं, 'मी दिले.' मग म्हणाल्या आता अकरा नंबरला जाऊन हेच तोंडानं सांग. पाय लटपटत होते माझे. कमलबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलं मपलं भरलं आता. बरं झालं सांगितलंस, नायतर मी देवालाच बोल लावीत बसले असते. चहा आण."

त्या रात्री मला वाटलं दुसऱ्या वॉर्डात टाकतील. मेट्रननी त्याच वॉर्डात, त्याच खाटांवर ड्युटी लावली. आठ दिवस. हात थरथरायचा, दोनदोनदा नाव विचारायची. पुढं चौतीस वर्षं दोनदोनदाच विचारलं. कोणाला 'योजना' म्हणायची असेल तर म्हणा, मला ती नाडी लागत नव्हती तेव्हा योजना वगैरे काही दिसत नव्हती.

भाकर_आणि_मासे

सिस्टर, तुमच्या मेट्रनबाईंनी योहान एकवीस कोळून प्यायला होता. येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक: येशूला धरलं त्या रात्री 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला. एक बारीक गोष्ट निसटते. प्रमुख याजकाच्या अंगणात तो शेकत बसला होता तो कोळशाचा विस्तव होता. मूळ ग्रीकमधला हा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. दुसरी जागा म्हणजे येशू मरणातून उठल्यानंतरची समुद्राकाठची ती सकाळ. रात्रभर जाळी टाकून हात रिकामे, आणि काठावर येशू कोळशावर मासे भाजत बसलेला. तोच वास. त्याच खाटेवर ड्युटी म्हणतात ती ही.

आणि क्रम बघा. आधी न्याहारी. जेवण होईपर्यंत विषय काढलेला नाही. मग तीन प्रश्न, तीन नकारांना तीन. 'का केलंस?' हा त्यांत नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम: मेंढरं सांभाळ.

येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, हे लोक विसरतात. पैसे परत नेऊन टाकले त्यानं. फरक एवढाच की तो एकटा निघून गेला आणि पेत्र बाकीच्यांबरोबर होडीत बसला. योना, तुम्ही चार महिने होडीत नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

बोंडअळी

ते मासे एकशे त्रेपन्न होते ना? आमच्या शेजारचे सर सांगायचे. मेलेला माणूस उठून समोर बसलाय अन् कोणीतरी मासे मोजतंय. हिशेबनीस सगळ्या मंडळींत असतो वाटतं.

अभ्यासिका_नांदेड

मी नेहमी फक्त वाचते. नीटची परीक्षा दुसऱ्यांदा राहिली. घरी कट-ऑफ लागला नाही अजून असं सांगितलंय. रूमवरच आहे. काहीच करावंसं वाटत नाही. कशाचाच उपयोग नाही असं वाटतं.

सिस्टर_निवृत्त

बाळा, आधी सांग, आज जेवलीस का? झोप किती झाली? रूमवर कोणी आहे का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल तर मला सरळ लिही, मी घाबरणार नाही. आणि आत्ता १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी जागी आहे. खरडवहीत लिही.

औसा_रोड

ताई, मी नांदेडलाच श्रीनगरकडं असतो, बायको पण आहे. डबा पाठवू का? पत्ता इथं नको, सिस्टरना कळवा.

खिळे_आणि_शाई

ताई, एलिया नावाचा एक मोठा संदेष्टा होता. राजे पहिला, अध्याय एकोणीस. सगळं जिंकून शेवटी पळाला, वाळवंटात झुडपाखाली पडून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत आला तो उपदेश घेऊन नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो जेवला, पुन्हा झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला घातलं. का पळालास ही विचारपूस झाली, पण चाळीस दिवसांनी. धार्मिक नसलात तरी डबा घ्या.

तिमथी_विश्वासू

ताई, मी पण बारावीला दोनदा नापास आहे. हे मी इथं कधी लिहिलं नव्हतं. फोन करा प्लीज.

व्यवस्थापक

सदस्येशी संपर्क झाला आहे, मैत्रीण सोबत आहे. तिच्याबद्दल इथे तर्क करू नयेत.

जालन्याचा_योना

तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण पशुवैद्य साहेबांचा प्रश्न टोचत होता, 'यातलं काय काय केलं होतं'. आणि सिस्टरच्या मेट्रनबाई.

पहिल्या पोस्टमध्ये मी 'वीज गेली, पंखे थांबले' असं लिहिलं. 'दिले गेले' सारखंच झालं ते. आता काट मारतो.

फॉगर आणि छोटं जनरेटर घ्या असं सुपरवायझरनं डिसेंबरात सांगितलं होतं. फॉगरचे पैसे होते माझ्याकडं. ते मी नाताळात मंडळीला साउंड बॉक्सचा जोड दान देण्यात घातले. बॉक्सवर आमच्या कुटुंबाचं नाव आहे, रेडियमच्या अक्षरांत. साक्ष दिल्यावर लोक ज्या नजरेनं बघायला लागले होते ती नजर मला टिकवायची होती. पाच वर्षं पुण्याहून हात हलवत येणारा मुलगा अशीच ओळख होती ना.

काकांना यातलं काही माहीत नाही. ते दर रविवारी त्या बॉक्ससमोर बसतात.

बोंडअळी

आयला.

तिमथी_विश्वासू

मी म्हणालो होतो कुठंतरी डळमळलं असणार. पण खरं सांगू, आता बरोबर निघाल्याचा आनंद होत नाहीये.

पशुवैद्य_लातूर

योना, एक दुरुस्ती. नुसत्या फॉगरनं त्या दोन दुपारी सगळे वाचले नसते. वीजच नव्हती, आणि शेडची दिशा तशी. अर्धे वाचले असते कदाचित. आपल्या वाट्याची चूक घ्या, सूर्याच्या वाट्याची घेऊ नका. मी खूप शेतकरी बघितलेत, एकतर सगळं आभाळावर ढकलतात नाहीतर सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतात. दोन्हीकडं पुढच्या शेडचा नकाशा तसाच राहतो.

भाकर_आणि_मासे

डॉक्टर, हे वाक्य मी येत्या रविवारी चोरणार. तुमचं नाव सांगून.

योना, बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्च मोजावा हे येशूचंच बोलणं आहे, लूक चौदा. आम्ही पाळक शेडवर हात ठेवून प्रार्थना करतो, पण विमा, जनरेटर, दिशा हे विचारत नाही. विचारलं तर विश्वास कमी दिसेल की काय अशी आम्हालाच भीती. आणि साक्षीचं म्हणाल तर दोष आमचा आहे. आम्ही तिथं फक्त निकाल लागलेले लोक उभे करतो. प्रेषित पौलानं मार्क नावाच्या सोबत्याला पुन्हा सोबत न्यायला नकार दिला होता, आधी अर्ध्या वाटेतून पळाला म्हणून. त्यावरून पौल आणि त्याचा जोडीदार बर्णबा इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले. आता मार्कानं त्या आठवड्यात साक्ष काय दिली असती? पौलाच्या शेवटच्या पत्रात मात्र ओळ आहे, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते लिहिलेलं नाही. बर्णबानं त्याला सोबत नेलं होतं, एवढं आहे.

खिळे_आणि_शाई

मधल्या वर्षांवरून. विल्यम कॅरे हा इंग्रज मिशनरी १७९३ ला बंगालात उतरला. पहिला बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये. सात वर्षं शून्य. १८०५ ला त्याचं मराठी व्याकरण आलं, १८१० ला कोश, पंडित वैद्यनाथांच्या मदतीनं. ११ मार्च १८१२ ला बंगालातल्या श्रीरामपूरचा (सेरामपूर) त्याचा छापखाना जळाला. हस्तलिखितं, कागद, छपाईचे खिळे गेले. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतले.

हे प्रवचनात नेहमी येतं. पुढचं येत नाही. त्याचं बायबलचं मराठी भाषांतर आपल्याकडच्या लोकांना धड कळेना, म्हणून अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत ते नव्यानं केलं. म्हणजे आगीतून वाचवूनही काम वाया गेलंच म्हणा. व्याकरण आणि कोश मात्र पुढच्यांच्या हाती राहिले.

गंगाखेडकर_माळकरी

हे पटलं. आमच्याकडं कीर्तनात पण आगीपर्यंतच सांगतात.

अभ्यासिका_नांदेड

औसा रोड दादांच्या घरचा डबा आला होता. वरणभात, मेथी, ठेचा. आईला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली गावाकडं ये, भुईमूग काढायचाय. जातेय उद्या. सिस्टर, थँक्यू.

सिस्टर_निवृत्त

शेंगा पाठव.

जालन्याचा_योना

धागा वर आणतोय. पंधरा दिवस झाले.

काकांकडं गेलो. वही घेऊन गेलो, शेडचा सगळा हिशेब, फॉगरची ओळ आणि साउंड बॉक्सची ओळ पण. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. मिठी वगैरे नाही. वही त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसून. बॉक्सच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प. मग चिडले, पण पैशावरून नाही. "चार महिने मपल्या दारावरून फटफटी पळवीत होतास, मला काय आवाज ओळखू येत नाही का? कामून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिवाळीपासून महिना दोन हजार ठरले. या वेळी कागद केला, मीच आग्रह धरला. काकूंनी ठेवलेल्या चहावर साय धरली होती, तसाच प्यायलो.

रविवारी मंडळीत गेलो. शेवटच्या बाकावर. साक्षीला उभा राहिलो नाही, तेवढं धाडस अजून नाही. पाळकसाहेब प्रभुभोजनाची प्रार्थना करत असताना साउंड बॉक्सनं शिट्टी मारायला सुरुवात केली. कोणालाच ते बंद करता येईना, सगळे मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. बॉक्स माझेच ना. उठून पुढं गेलो, माइक बॉक्सच्या तोंडासमोर ठेवला होता, तो बाजूला केला. परत येताना नावाच्या रेडियमचं एक अक्षर उचकटलेलं दिसलं, तसंच राहू दिलं.

सध्या एका कृषी केंद्रात सकाळची नोकरी धरलीय. शेड रिकामं आहे. पशुवैद्य साहेब नकाशा बघायला येणार आहेत.

भाकर_आणि_मासे

योना, लूक तेराच्या त्या बुरुजाच्या लगेच खाली काय आहे वाचा. तीन वर्षं फळ न देणारं अंजिराचं झाड. मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. झाडाला फळ आलं की नाही ते येशूनं सांगितलेलंच नाही.

बोंडअळी

खतावरून आठवलं. योनाभौ, शेडातलं कोंबडखत अजून तसंच पडलंय का? दोन वर्षांचं तूस अन् विष्ठा, सोनं आहे ते. मपल्या मोसंबीला पाहिजे. दोन ट्रॉली निघंल का?

जालन्याचा_योना

अडीच निघेल. पण ताजा थर वरचा आहे, तसाच टाकला तर झाडं जळतील. आधी कुजवावं लागेल.

बोंडअळी

ते मला कामून शिकवता, बागायतदार माणूस आहे. भाव बोला. अन् काकांचा पहिला हप्ता यातूनच सुटतोय का बघा.

जालन्याचा_योना

रविवारी भक्ती साडेअकराला सुटते. त्यानंतर ट्रॅक्टर घेऊन या. दोर तुमचा आणा, आमचा तुटलाय.